भरलेल्या बाटल्या

दोर आपल्या हातात नाही, हे योगिनीला कळलं तेव्हा ती चुन्याच्या रेघेपर्यंत येऊन पोचली होती. शेजारून तिचाच संघ फरफटत पुढे आला. दर्शना गुडघ्यांवर आपटली, तिच्या पाठीवर गौरव, आणि सगळ्यांच्या अंगावर कातळाची ती लाल धूळ, घामाला चिकटली की खरचटल्यासारखी दिसणारी. समोरच्यांनी ओरडून मैदान डोक्यावर घेतलं. योगिनीचे हात मात्र अजून पुढेच होते, बोटं अर्धवट वळलेली, पाण्यातून वर येणारा ओला दोर धरायला तयार. पाणी कुठे होतं इथे? मार्चचं ऊन होतं, कॉलेजचं मैदान होतं आणि रस्सीखेच चालली होती. संघाच्या शेपटाला तिला उभं केलं होतं, कारण तिचे दंड भरलेले. ती खेचत खेचत मागे आली, टाचेला कुंपणाचा चिरा लागला, आणि पायांनी परस्पर ठरवलं. हात सुटले आणि ती मुकाट्याने पुढे चालू लागली. लहानपणापासून चालत आली तशी.

"थांबा, थांबा, थांबा." ऋत्विक सर कानाला लावलेल्या माइकवरून बोलत होते. समोर सगळे हाकेच्या अंतरावर होते तरी माइकवरून. पुण्याहून तीन दिवसांच्या नेतृत्व शिबिरासाठी आणलेले ट्रेनर. त्यांनी तिच्या छातीवरचा बिल्ला वाचला. "योगिनी. तू सगळ्यात मागे होतीस. अख्खी टीम तुझ्या भरवशावर. आणि तू दोर सोडून फिरायला निघालीस?"

"सर, तिला वाटलं रापण लागलीय," गौरव धूळ झटकत म्हणाला. "पुढे जाऊन मासळीचा वाटा धरायला गेली."

हशा पिकला. ऋत्विक सरांना रापण काय ते माहीत नव्हतं. पण सगळे हसतायत म्हणून तेही हसले. मग गंभीर झाले. "मित्रांनो, लिहून ठेवा. लीडर कधीही दोर सोडत नाही. आणि आता सगळ्यांनी पाणी प्या. हायड्रेट, हायड्रेट!"

पोरांनी बाटल्या तोंडाला लावल्या आणि गटागटा रिकाम्या केल्या. किटमध्ये मिळालेल्या निळ्या बाटल्या, त्यांच्यावर 'मी उद्याचा नेता' असं छापलेलं. पोरींनीही बाटल्या उचलल्या. झाकण उघडलं, ओठ ओले केले, झाकण लावलं. दर्शनाच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, तिने चमचाभर पाणी गुडघ्यावर ओतलं, पण घोट घेतला नाही. सगळ्या पोरींना ही कला अवगत होती. योगिनीनेही केलं तसंच. जीभ टाळूला चिकटली होती. बाटलीतलं पाणी हलताना तळहाताला कळत होतं, पण ते तिच्यासाठी नव्हतं. ऋत्विक सर ओळीतून फिरत आले आणि एकेक बाटली उन्हात धरून बघू लागले. "गर्ल्स, तुमच्या बाटल्या कालपासून भरलेल्याच आहेत. स्वतःच्या शरीराची काळजी घेता येत नाही, तर समाजाची काय घेणार?"

योगिनीच्या कानशिलात काहीतरी फुटल्यासारखं झालं. बोलायचं होतं. दोराबद्दल, आणि बाटलीबद्दलही.

काय सांगणार होती ती या माणसाला? की रापणीचा दोर असाच ओढतात? होडी खोल पाण्यात जाऊन जाळं टाकून येते, त्याची दोन टोकं किनाऱ्यावर येतात आणि दोन्ही टोकांना वाडी लागते. बाप्ये, बायका, शाळेतून पळून आलेली पोरं, कुणीही. तोंड समुद्राकडे ठेवून ओढत ओढत मागे सरकायचं. वाळूच्या उंचवट्याला पाठ टेकली की तुझ्या हातातला दोर आधीच ओढून झालेला असतो, त्यात काही जीव नसतो. जीव असतो पाण्यात. मग तू सोडायचंस, चालत पुढे जायचंस, गुडघाभर पाण्यात शिरून नवा दोर धरायचास. मागचा सुटतो, पुढे येतो, तेव्हा त्याच्या पुढचा मागचा होतो. कोणी कोणाला सांगत नाही. हौसाआत्या तर गप्पा मारता मारता सोडायची, गप्पा मारताच पुढे जाऊन धरायची, वाक्य तेवढं मध्ये राहायचं. "तर मी तिला म्हटलं," असं सोडताना, आणि लाटेतून ओरडून, "तुझ्या सासूला विचार गो!" अख्खी रांग हसायची आणि दोर चालूच. योगिनी एवढीशी असताना तिच्या हाताला दोर पुरत नव्हता म्हणून ती लोंबकळायची फक्त. तरी संध्याकाळी तिच्या पुढ्यात बांगडे पडायचे. ज्याने हात लावला त्याचा वाटा. मग आज पायांनी काय चूक केली? चूक केलीच, कारण इथे समोर मासळी नव्हती, समोर माणसं होती आणि त्यांना पाडायचं होतं. हे नेतृत्व. निम्म्या वर्गाने उरलेल्या निम्म्या वर्गाला धुळीत पाडायचं, मग शिट्टी, मग टाळ्या, मग हायड्रेट.

हायड्रेट म्हणे. ती इमारतीकडे बघत राहिली. पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला, ते दार होतं. मुलींसाठी बांधलेलं नवं स्वच्छतागृह. आत पांढऱ्या फरशा, आरसा, पाणी, कड्या, सगळं. गणपतीत बांधून झालं आणि त्याच आठवड्यात त्याला कुलूप लागलं. कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती. समितीला दाखवायचं म्हणून बांधलं, आणि पोरी वापरतील तर घाण होईल म्हणून बंद केलं. समिती दिवाळीनंतर येणार होती, मग नाताळनंतर, आता म्हणे परीक्षांनंतर. जुनं होतं ते मागच्या बाजूला, जनरेटरच्या खोलीला लागून. त्याला नळ होता, नळाला पाणी नव्हतं. दार होतं, दाराला कडी नव्हती, एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं. समोर पोरांची वाहनं लावायची जागा. दार धरून उभी असलेली पोरगी दिसली की तिकडून शिट्ट्या. म्हणून शहरातल्या पोरी दुपारी घरी पळायच्या आणि गावच्या पोरी पाणीच प्यायच्या नाहीत. पहाटेच्या गाडीने यायचं, प्रॅक्टिकल संपवून दिवेलागणीला घरी पोचायचं, आणि तोवर शरीराला सांगायचं, तू नाहीसच. तीन वर्षांत योगिनीला हे इतकं जमलं होतं की तहान कुठे लागते ती जागाच विसरली होती. पोटाच्या खाली एक दगड, गाडीच्या प्रत्येक धक्क्याला जागा होणारा, तेवढा मात्र ओळखीचा. वेळणेश्वराला नाही, पावसला नाही, मुंबईलाही नाही, तिला सर्वात जास्त जायचं असायचं ते घरामागच्या मोरीत. पदवी म्हणजे हेच असावं. कोण किती वेळ धरून ठेवतं.

आरोहीला नाही जमलं. वाडीतली, दोन घरं सोडून राहणारी, पहिल्या वर्षाला. योगिनीनेच तिला या कॉलेजात आणलं होतं, तिच्या आईला शब्द देऊन. जानेवारीत एका संध्याकाळी गाडीत ती खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसली आणि उतरेपर्यंत बोलली नाही. उतरताना तिचा हात धरला तर चटका बसला. थंडी वाजून ताप, कंबरेतून कळा. लघवीला आग इतकी की पोरगी तोंडात ओढणी कोंबून रडायची. डॉक्टर म्हणाले, पाणी पीत नाही ही, असंच चाललं तर मूत्रपिंडावर जाईल. मनिषाकाकूने अंगणात योगिनीला धरलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "एवढं मोठं कॉलेज बाय, संगणक हाय म्हणतंस, दुर्बीण हाय म्हणतंस. आणि साधी मोरी नाय?" मग म्हणाली, "त्या दाराची चावी मिळाली की सांग. तोवर माझी पोर घरात. शिक्षण करून मूतखडा नको मला." आरोही ओटीवरून ओरडली, "आई, मूतखडा वेगळा असतो!" "तू गप. पाणी पी." हसू आलं होतं दोघींनाही. पण आरोहीची सॅक खुंटीला लागली ती लागलीच, आणि काकूने परवा विचारलं, परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख गेली की मग आरोहीसाठी आलेलं ते स्थळ बघायला हरकत नाही ना. विचारलं म्हणजे सांगितलंच.

प्राचार्यांकडे ती महिन्यापूर्वीच गेली होती. दर्शनाला घेऊन, अर्ज करून, सही करून. त्यांच्या खुर्चीमागे चाव्यांची फळी होती, प्रत्येक चावीखाली पट्टी. प्रयोगशाळा, ग्रंथालय, क्रीडा. आणि त्या दाराची, नवीकोरी, लाल दोऱ्यातली, तिच्याखाली 'अतिथी'. हात लांबवला असता तर मिळाली असती. प्राचार्यांनी अर्ज वाचला, मोबाइल खाली ठेवला आणि हसून विचारलं, "तुमचं गाव किनाऱ्यावर ना गं? तुमच्या आया कुठे जात होत्या इतकी वर्षं? समुद्रावरच ना? त्यांचं काय अडलं?" दर्शनाने मान खाली घातली. योगिनीने घातली नाही. पंख्याच्या पात्यावरची धूळ, टेबलावरच्या गणपतीला वाहिलेलं कालचं जास्वंद, आणि या माणसाच्या दातांत अडकलेली बडीशेप, असं सगळं अतिशय स्पष्ट दिसत होतं. माझ्या आईचं काय अडलं? अंधार पडायची वाट बघण्यात तिचं आयुष्य अडलं. हे वाक्य तिला संध्याकाळी गाडीत सुचलं. नेहमी गाडीतच सुचतं. ती पाठ वळवायला लागली तेव्हा प्राचार्य म्हणाले, "तुझ्यात लीडरशिप आहे. तक्रारीत वाया घालवू नकोस, तिला दिशा दे. शिबिर होतंय, तुझं नाव घालतो. शेवटच्या दिवशी संस्थेची मंडळी येतील, त्यांच्यासमोर विद्यार्थ्यांच्या वतीने मनोगत तू मांडायचंस. चांगलं, सकारात्मक. मग बघू चावीचं."

मग बघू. या दोन शब्दांवर ती महिनाभर जगली होती. म्हणूनच रस्सीखेच, म्हणूनच डोळ्यांना पट्टी बांधून टेबलांमधून चालणं, म्हणूनच कागदाचे मनोरे. म्हणूनच आज दोर सोडल्यावरही ती तोंड मिटून उभी राहिली. संध्याकाळी गाडीतून उतरली तर मनिषाकाकू पाराजवळ मासळीची रिकामी टोपली घेऊन उभी. "मिळाली?" "उद्या, काकू." "उद्या काय?" "उद्या भाषण केलं की देतील." काकूने टोपली कमरेवर घेतली. "भाषण केल्यावर मोरीला जायला देतात? नवीनच ऐकते हां मी हे." आणि चालू लागली. तिचं काय चुकलं? योगिनी घरी आली, मोरीचं दार लावलं आणि पाण्याचा आवाज ऐकत इतका वेळ उभी राहिली की आईने बाहेरून हाक मारली.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर सिंह आला. मग गरुड. मग मुंग्या. ऋत्विक सर सांगत होते, लीडर समस्या सांगत नाही, उत्तर सांगतो. आम्ही उत्तर घेऊनच गेलो होतो, योगिनीच्या मनात आलं. उत्तर लाल दोऱ्यात होतं. वर पंखे फिरत होते पण वारा गरम होता, सभागृहात घामाचा आणि नव्या प्लास्टिकचा वास. दुपारी मधल्या सुट्टीत ती भाषणाचा कागद घेऊन जिन्यात बसली होती, तर कार्यालयातला शिपाई घाईघाईने वर आला. त्याच्या बोटात लाल दोरा. मागून ऋत्विक सर, माइक गळ्यात लोंबणारा. शिपायाने ते दार उघडलं. ते दार. सर आत गेले, कडी लागली. आतून पाण्याचा आवाज आला. भरपूर पाण्याचा. तिच्या पोटातला दगड सरकला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. शिपाई तिच्याकडे न बघता म्हणाला, "जेन्ट्‌सचा फ्लश गेलाय. पाहुण्यांना कुठे पाठवायचं? मला काय बघतंस, मला सांगितलं ते मी केलं."

सर बाहेर आले, हात रुमालाला पुसत. "अरे, योगिनी! भाषण तयार?"

"सर, हे मुलींचं आहे."

"काय?"

"हे. मुलींसाठी बांधलंय. आम्हाला कुलूप असतं. म्हणून आम्ही पाणी पीत नाही. म्हणून बाटल्या भरलेल्या."

त्यांचा चेहरा क्षणभर उघडा पडला. माणूस वाईट नव्हता, हेच तर. कान लाल झाले त्यांचे. "ओह. बाहेर बोर्ड नव्हता ना. सॉरी, खरंच." मग ते सावरले, दुकानाची फळी पाडावी तसा त्यांचा आवाज खाली आला. "व्हॅलिड मुद्दा आहे. असं कर, फीडबॅक फॉर्ममध्ये सजेशनचा रकाना आहे शेवटी, तिथे लिही. आणि भाषणात नको. तिथे पॉझिटिव्ह राहायचं. लीडरला कुठे काय बोलायचं ते कळतं." शिपायाने कुलूप लावलं. खट्‌. लाल दोरा जिना उतरून गेला. सांग की, पोरी, याला सांग. पण काय सांगायचं? या माणसाने तीन दिवस ओरडून पाणी प्यायला सांगितलं आणि कारण कळल्यावर रकाना दाखवला. त्याला नाही, कुणालाच सांगायचं उरलं नव्हतं. सांगून झालं होतं. अर्ज करून झाला होता, मान डोलावून झाली होती, मग-बघू ऐकून झालं होतं. त्या दोरात आता जीव नव्हता. तो धरून ती कुंपणाला पाठ लावून उभी होती, पायांना हे कालच कळलं होतं, डोक्याला आत्ता कळत होतं. जीव दुसरीकडे होता.

ती सभागृहात परत गेली आणि दर्शनाच्या शेजारी बसली. हळूच बोलली. दर्शनाने एकदाच तिच्याकडे वळून बघितलं. "येडी झालीस?" म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "संपूर्ण बाटली?" मग तिने मागच्या रांगेतल्या सानवीच्या कानाला तोंड लावलं. योगिनीने बघितलं नाही पुढे ते कुठवर गेलं. रांगेत मागे बघायचं नसतं.

समारोपाला संस्थेची मंडळी आली. शाल, श्रीफळ, आंब्याच्या रोपाचं कुंडीपूजन. प्राचार्य बोलले की या लाल मातीतून उद्याचे नेते घडतायत. ऋत्विक सरांनी काल एका मुलीने दोर सोडला त्याची गोष्ट सांगितली, नाव न घेता, पण सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. गौरवने मागून हळूच "बांगडे, बांगडे" केलं. मग तिचं नाव पुकारलं. ती उठली. हातात कागद नव्हता, निळी बाटली होती. मंचाच्या पायऱ्या चढताना आत कुठेतरी ते ओळखीचं घट्टपण होतं, वाळूत टाच रोवल्यावर येतं ते.

"नमस्कार," ती म्हणाली. माइकमधून तिचाच आवाज पलीकडून आला. "काल दोर सोडणारी मुलगी मीच. सरांनी तीन दिवस पाणी प्यायला सांगितलं आणि आम्ही ऐकलं नाही. आज ऐकते."

तिने झाकण उघडलं आणि बाटली तोंडाला लावली. पहिला घोट घशातून उतरताना दुखलं. पाणी कोमट होतं, प्लास्टिकच्या वासाचं, पण दुसऱ्या घोटानंतर अंग जे काही तीन वर्षं विसरलं होतं ते आठवल्यासारखं हावरट झालं. ती पीत राहिली. सभागृहात आधी टाळी वाजली, कुणाला तरी हे नाटुकलं वाटलं असावं, मग टाळी थांबली. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. माइक जवळ होता, त्यामुळे प्रत्येक घोट सगळ्यांना ऐकू जात होता. प्राचार्य खुर्चीत पुढे सरकले. बाटली रिकामी झाली तेव्हा तिने ती उलटी करून दाखवली आणि टेबलावर, शाल-श्रीफळाच्या तबकाशेजारी, ठेवली.

"आता मला लघवीला जायचंय," ती म्हणाली.

हा शब्द त्या माइकवरून कधी गेला नव्हता. पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं. ती थांबली नाही. "मुलींसाठी बांधलेलं पहिल्या मजल्यावर आहे. त्याला कुलूप आहे. ते आज पाहुण्यांसाठी उघडलं होतं, म्हणजे उघडतं. चावी प्राचार्यांच्या खुर्चीमागे आहे, 'अतिथी' लिहिलंय त्याच्याखाली. आमच्या वाडीतली आरोही पाणी न पिता आजारी पडली, ती घरी बसलीय. मी दाराशी जाऊन उभी राहते."

"योगिनी!" प्राचार्यांचा आवाज दबका, दातांतून. "खाली उतर. हे काय चाललंय?"

"उतरतेच आहे, सर."

आणि ती उतरली. माइक सोडला, मागे न बघता मधल्या वाटेने चालू लागली, हात मोकळे. कोणीतरी दंड धरील असं वाटलं होतं, कोणी धरला नाही. दाराशी पोचते तोच मागून माइकमधून खरखर आली आणि मग दर्शनाचा आवाज, "नमस्कार. मी पण पिते." गुडघ्याला पट्टी बांधलेली दर्शना, प्राचार्यांसमोर मान खाली घालणारी दर्शना. घोटांचा आवाज. "आता मला पण जायचंय." कुणीतरी माइक बंद केला असावा, कारण पुढचं नाव नीट ऐकू आलं नाही. पण जिना चढताना सभागृहातून झाकणांचा आवाज येत राहिला, एकामागून एक, कट्‌, कट्‌, मध्ये संस्थेच्या कुणाचा तरी चढलेला आवाज, खुर्च्या सरकल्याचा, आणि पुन्हा कट्‌.

दारासमोर ती भिंतीला खांदा लावून उभी राहिली. पोट फुटायला आलं होतं. वेदना होती, पण ही तिची होती, दाबून ठेवलेली नव्हती. पहिल्यांदा शरीर काहीतरी मागत होतं आणि ती त्याला गप्प बस म्हणत नव्हती. जिन्यावर पावलं वाजली. दर्शना आली आणि मागे उभी राहिली. मग सानवी. मग ज्यांची नावं तिला माहीत नव्हती अशा पहिल्या वर्षाच्या, हातात रिकाम्या निळ्या बाटल्या, कुणी हसत, कुणी घाबरून रडवेल्या, एक तर दोन्ही. रांग जिन्याच्या वळणावरून खाली दिसेनाशी झाली. "लवकर करा गो, मी इथेच करीन," असं खालून कुणीतरी ओरडलं आणि जिनाभर हसू पसरलं. शिक्षा होणार होती. निलंबन, घरी पत्र, सगळं. होऊ दे. उद्या पुढे दर्शना उभी राहील, परवा आणखी कोणी.

खालून चाव्यांचा आवाज येऊ लागला. कोण आणत होतं, शिपाई की स्वतः प्राचार्य, आणि शिव्या देत की माफी मागत, याच्याशी तिला काही घेणं नव्हतं. लाल दोरा दिसला की ती हात पुढे करणार होती. उघडून द्या म्हणायचं नाही, चावीच द्या म्हणायचं. आणि एकदा हातात आली की ती त्या फळीवर परत लागणार नव्हती. संध्याकाळी पाराजवळ मनिषाकाकूच्या टोपलीत ती टाकायची, खण्णकन आवाज होईल अशी. आणि सकाळी पहिल्या गाडीत खिडकीजवळ रुमाल टाकून आरोहीची जागा धरायची.